मुंबई, नागपूर, इंदूर : प्रशिक्षकाचा इतिहास कसा लिहावा?

१)
मुंबईहून निघालेला आग्रा महामार्ग धुळे सोडतो, नरडाण्याजवळ सुरत–भुसावळ लोहमार्ग ओलांडतो, पुढे तापी पार करून शिरपूरमार्गे सातपुड्यात शिरतो आणि सेंधव्यावरून इंदूरला पोहोचतो. या रस्त्याच्या दोन टोकांना असलेली दोन शहरे जून २०२२ मध्ये बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर समोरासमोर आली. एका बाजूला ४१ वेळा रणजी करंडक जिंकलेला मुंबईचा संघ होता. दुसऱ्या बाजूला त्या नावाने एकदाही करंडक न जिंकलेला, इंदुरात मुख्यालय असलेला मध्य प्रदेशचा संघ होता. जिंकला मध्य प्रदेश. त्याचा प्रशिक्षक मात्र मुंबईत जन्मला, मुंबईत शिकला आणि मुंबईलाच तीन वेळा विजेता करून आला होता : चंद्रकांत पंडित.

२)
राजे, सेनापती आणि सत्याग्रही यांचे इतिहास लिहिण्याची रीत ठरलेली आहे. प्रशिक्षकाचा इतिहास लिहिताना अडचण येते. धावफलकावर त्याचे नाव नसते. त्याने एकही धाव काढलेली नसते, एकही बळी घेतलेला नसतो. तरीही संघ जिंकला की श्रेय त्याला मिळते आणि हरला की नोकरी त्याची जाते. मग त्याने नेमके काय केले, हे पुराव्यानिशी कसे सांगायचे? पंडित यांची कारकीर्द या प्रश्नासाठी जवळजवळ प्रयोगशाळेसारखी आहे. माणूस एक, पद्धत एक. पण संघ तीन, आणि तिन्हींचा भूतकाळ वेगवेगळा.

३)
अमेरिकेत या प्रश्नावर ग्रंथालये भरतील एवढे लेखन झाले आहे. तेथील महाविद्यालयीन फुटबॉल म्हणजे हातात अंडाकृती चेंडू आणि डोक्यावर शिरस्त्राण घेऊन खेळला जाणारा खेळ. खेळाडू चार-पाच हंगामांत पदवी घेऊन निघून जातो, प्रशिक्षक राहतो. त्यामुळे संघाची ओळख प्रशिक्षकाच्या नावाने होते. निक सेबन यांनी लुइझियाना राज्य विद्यापीठाला २००३ च्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले आणि पुढे अलाबामा विद्यापीठाला सहा वेळा. वेगवेगळ्या संस्थांना शिखरावर नेणारा प्रशिक्षक तिथेही दुर्मीळ असतो. भारतात याच्या जवळ जाणारे क्षेत्र म्हणजे रणजी करंडक : संघ प्रदेशाचा, चाहता प्रदेशाचा, आणि प्रशिक्षक बहुधा पडद्याआड.

४)
प्रथम नकाशा. महाराष्ट्र राज्य एकच आहे. पण रणजी करंडकात त्याचे तीन संघ उतरतात : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. नरडाणा, धुळे, जळगाव, नंदुरबार हा सारा खानदेश पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत मोडतो. ही विभागणी जुन्या राजकीय भूगोलाची खूण आहे. नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. राज्य पुनर्रचनेत विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९५७-५८ च्या हंगामात विदर्भाचा संघ रणजीत उतरला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावरही क्रिकेटच्या सीमा होत्या तशाच राहिल्या.

५)
या नकाशात सत्ता एका शहराकडे होती. १९३४-३५ चा पहिला रणजी करंडक मुंबईने जिंकला. १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात मुंबई सलग १५ वेळा विजेती ठरली. पंधरा वर्षे म्हणजे एका खेळाडूची संपूर्ण कारकीर्द. देशात असे कित्येक रणजीपटू होऊन गेले, ज्यांनी पदार्पणापासून निवृत्तीपर्यंत मुंबईखेरीज दुसरा विजेता पाहिलाच नाही. या वर्चस्वातून एक वृत्ती तयार झाली. तिला मुंबईकर स्वतःच ‘खडूस’ म्हणतात : बळी फुकट द्यायचा नाही, सामना सुटू द्यायचा नाही, समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही.

६)
या वृत्तीची एक शाळा शिवाजी पार्कवर भरत असे. मालवणात १९३२ साली जन्मलेले रमाकांत आचरेकर हे तिचे गुरुजी. स्वतः त्यांना प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळायला मिळाला. नोकरी स्टेट बँकेत आणि उरलेला वेळ मैदानावर. सरावाच्या जाळीपेक्षा प्रत्यक्ष सामन्यातून खेळाडू घडतो, असा त्यांचा विश्वास होता. सचिन तेंडुलकरला स्कूटरवर मागे बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. यष्टीवर ठेवलेले एक रुपयाचे नाणे, बाद न होता सराव संपवला तर फलंदाजाचे. ही कथा आता लोककथेइतकी रूढ झाली आहे.

७)
आचरेकरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली; २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या शिष्यांची यादी सहसा तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांच्यापाशी थांबते. परंतु या शाळेतून फलंदाजांइतकेच प्रशिक्षकही बाहेर पडले. लालचंद राजपूत, प्रवीण आमरे, पारस म्हांब्रे, संजय बांगर, रमेश पोवार, अमोल मुझुमदार आणि चंद्रकांत पंडित. गुरूने केवळ खेळ शिकवला नाही, शिकवण्याची रीतही शिष्यांच्या अंगी उतरवली, असे या नावांवरून दिसते.

८)
पंडित यांचा जन्म ३० सप्टेंबर १९६१ चा, मुंबईतला. यष्टिरक्षक आणि फलंदाज. १९८६ मध्ये लीड्सच्या कसोटीत त्यांनी पदार्पण केले, तेही किरण मोरे यष्टींमागे असल्याने केवळ फलंदाज म्हणून. ५ नोव्हेंबर १९८७ रोजी वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्ध विश्वचषकाचा उपांत्य सामना भारत हरला, त्या संघात ते होते. एकूण ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने. १९९२ नंतर भारताची टोपी पुन्हा डोक्यावर चढली नाही. देशांतर्गत क्रिकेटमध्ये मात्र त्यांनी ८,००० हून अधिक धावा केल्या. नव्वदच्या दशकात ते मुंबई सोडून मध्य प्रदेशाकडून खेळू लागले आणि त्या संघाचे कर्णधार झाले.

९)
येथे इंदूरचा जुना इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. होळकर घराण्याचे संस्थापक मल्हारराव यांचे बालपण खानदेशातील तळोद्यास मामा भोजराज बारगळ यांच्याकडे गेले. तेथून त्यांची तलवार माळव्यात पोहोचली आणि पुढे इंदूर वसले. दोन शतकांनंतर याच संस्थानाने क्रिकेटचा संघ उभा केला. नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू, भारताचे पहिले कसोटी कर्णधार, होळकरांच्या सेवेत होते. त्यांच्याबरोबर मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर यांच्यासारखे खेळाडू. १९४१-४२ ते १९५४-५५ या १४ हंगामांत होळकर संघ १० वेळा रणजीच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि ४ वेळा जिंकला.

१०)
संस्थाने विलीन झाली, दरबारी आश्रय संपला आणि होळकर संघही इतिहासजमा झाला. मध्य प्रदेश हा त्याचा वारस. पण वारशात मैदान आले, विजय आले नाहीत. १९५२-५३ मध्ये होळकरांनी जिंकलेला करंडक हा त्या भूमीचा शेवटचा. म्हणून एप्रिल १९९९ मध्ये पंडित यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेश बंगळूरला कर्नाटकाविरुद्ध अंतिम सामना खेळायला उतरला, तेव्हा जवळजवळ अर्ध्या शतकाची प्रतीक्षा पणाला लागली होती.

११)
रणजीचा नियम असा की अंतिम सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजेता. मध्य प्रदेशाने कर्नाटकाच्या ३०४ धावांना ३७९ धावांनी उत्तर दिले. आघाडी ७५ धावांची. याचा अर्थ, सामना केवळ वाचवला तरी करंडक त्यांचाच. कर्नाटकाने दुसऱ्या डावात ३२१ धावा केल्या. मध्य प्रदेशापुढे लक्ष्य २४७ धावांचे. ते गाठण्याची गरज नव्हती, शेवटच्या दिवसाचा खेळ संपेपर्यंत उभे राहणे पुरेसे होते. विजय भारद्वाजने ६ बळी घेतले. मध्य प्रदेश १५० धावांत सर्वबाद झाला आणि ९६ धावांनी हरला. कर्णधाराच्या हातून करंडक अक्षरशः काही षटकांच्या अंतरावर निसटला.

१२)
थोड्याच वर्षांत पंडित निवृत्त होऊन मुंबईचे प्रशिक्षक झाले. २००२-०३ आणि २००३-०४ या लागोपाठच्या हंगामांत मुंबईने तामिळनाडूला हरवून करंडक जिंकला. या दोन विजयांवरून प्रशिक्षकाविषयी फारसा निष्कर्ष काढता येत नाही. मुंबईला जिंकण्याची सवय होती. घोडा आधीच धावत होता, असे कोणीही म्हणू शकेल. पुढे २०१५-१६ मध्ये ते पुन्हा मुंबईकडे असताना संघाने पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर सौराष्ट्राला एक डाव आणि २१ धावांनी, तेही तीन दिवसांत, हरवले. मुंबईचे हे ४१ वे विजेतेपद. त्या हंगामात श्रेयस अय्यरने १,३२१ धावा केल्या.

१३)
पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, इंदूरच्या होळकर मैदानावर मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली. गुजरातने चौथ्या डावात ३१२ धावांचे लक्ष्य गाठले. कर्णधार पार्थिव पटेलने १४३ धावा केल्या. एक विजेतेपद आणि एक उपविजेतेपद एवढी दोन हंगामांची कमाई असूनही मुंबईने प्रशिक्षक बदलला. ज्या शहरात दुसरा क्रमांक म्हणजे अपयश मानले जाते, तेथे हे नवलाचे नव्हते. पंडित नागपूरला गेले. त्यांच्या कारकिर्दीतला खरा पुरावा येथून सुरू होतो.

१४)
विदर्भाने तोवर सहा दशकांत एकदाही रणजीचा अंतिम सामना खेळलेला नव्हता. २०१७-१८ मध्ये कोलकात्यातील उपांत्य सामन्यात त्यांनी बलाढ्य कर्नाटकाला अवघ्या ५ धावांनी हरवले. अभियांत्रिकीचा पदवीधर असलेल्या रजनीश गुरबाणीने दुसऱ्या डावात ७ बळी घेतले. अंतिम सामना पुन्हा इंदूरलाच, दिल्लीविरुद्ध. गुरबाणीने पहिल्या डावात ५९ धावांत ६ बळी घेतले, त्यांत सलग तीन चेंडूंवरचे तीन बळी होते. रणजीच्या अंतिम सामन्यात अशी त्रिकडी त्यापूर्वी केवळ तामिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी १९७२-७३ मध्ये साधली होती.

१५)
दिल्लीच्या २९५ धावांना विदर्भाने ५४७ धावांनी उत्तर दिले. यष्टिरक्षक अक्षय वाडकरच्या १३३. दिल्लीचा दुसरा डाव २८० वर संपला, विदर्भापुढे २९ धावांचे लक्ष्य उरले. १ जानेवारी २०१८ रोजी फैज फझलच्या संघाने ९ गडी राखून करंडक जिंकला. विजयी फटका मारला वसीम जाफरने, जो कधीकाळी मुंबईच्या फलंदाजीचा कणा होता. ज्या मैदानावर पंडित वर्षभरापूर्वी मुंबईसह हरले, त्याच मैदानावर ते विदर्भासह जिंकले. पुढच्या हंगामात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेने त्या सामन्यात ११ बळी घेतले. दोन्ही वर्षी इराणी चषकही नागपूरलाच आला.

१६)
२०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाकडे आले, जिथे ते एकेकाळी कर्णधार होते. जून २०२२ च्या बाद फेरीत आवेश खान आणि वेंकटेश अय्यर भारतीय संघाबरोबर असल्याने त्यांना मिळाले नाहीत. तरी संघ अंतिम सामन्यात पोहोचला. स्थळ तेच : चिन्नास्वामी. मुंबईने ३७४ धावा केल्या, सरफराज खानच्या १३४. मध्य प्रदेशाने यश दुबे (१३३), शुभम शर्मा (११६) आणि रजत पाटीदार (१२२) यांच्या शतकांच्या जोरावर ५३६ धावा उभ्या केल्या. १६२ धावांची आघाडी, आणि पहिल्या डावाच्या आघाडीचा तोच जुना नियम.

१७)
१९९९ मध्ये आघाडी घेतलेला संघ शेवटच्या दिवशी कोसळला होता. २०२२ मध्ये तसे झाले नाही. मुंबईने आघाडी फेडून सामना जिंकण्यासाठी वेगाने धावा करण्याचा धोका पत्करला आणि २६९ धावांत बाद झाली. फिरकीपटू कुमार कार्तिकेयने ४ बळी घेतले. मध्य प्रदेशाने १०८ धावांचे लक्ष्य ६ गडी राखून गाठले. तारीख २६ जून. खेळाडूंनी प्रशिक्षकाला खांद्यावर घेतले आणि एरवी कठोर म्हणून ओळखला जाणारा तो माणूस रडला. मुंबईच्या तंबूत प्रशिक्षक म्हणून बसले होते अमोल मुझुमदार, आचरेकरांचेच शिष्य. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी दोन प्रदेशांच्या वतीने हा सामना लढवला.

१८)
वृत्तपत्रांनी दुसऱ्या दिवशी तेवीस वर्षांनी फेडलेल्या कर्जाची कथा सांगितली. कथा खरी आहे आणि हृद्यही आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र अशा सुबक कथेपाशी थोडे थबकावे. एका माणसाच्या मनातील सल हे विजयाचे कारण असेल, तर १९९९ ते २०२२ या काळात मध्य प्रदेशात काहीच घडले नाही, असे मानावे लागेल. सल भावनेचे स्पष्टीकरण देतो. ५३६ धावांचे स्पष्टीकरण देत नाही. तेव्हा दुसरी बाजू तपासायला हवी : प्रशिक्षक नसता तरी हे घडले असते काय?

१९)
या बाजूचे पुरावे भक्कम आहेत. २००५-०६ ते २०२१-२२ या काळात उत्तर प्रदेश, राजस्थान, गुजरात, विदर्भ, सौराष्ट्र आणि मध्य प्रदेश या सहा संघांनी त्या त्या नावाने प्रथमच रणजी करंडक जिंकला. यांतले चार पंडित यांचे संघ नव्हते. म्हणजे सत्ता महानगरांकडून आतल्या प्रदेशांकडे सरकण्याची एक व्यापक लाट होती. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून आलेला पैसा नियामक मंडळामार्फत राज्य संघटनांपर्यंत पोहोचला. मैदाने, निवासी अकादमी, पगारी प्रशिक्षक लहान केंद्रांतही उभे राहिले. नागपूरजवळचे जामठ्याचे मैदान २००८ मध्ये कसोटीसाठी सज्ज झाले.

२०)
विदर्भाचे उदाहरण अधिक बोलके आहे. पहिल्या रणजी विजयाच्याच हंगामात त्यांच्या १९ वर्षांखालील संघाने कूचबिहार करंडक जिंकला. अंतिम सामन्यात अथर्व तायडेने ३२० धावा केल्या. तो संघ पंडित यांच्या हाताखालचा नव्हता. पंडित गेल्यानंतर विदर्भ २०२३-२४ मध्ये उपविजेता ठरला आणि २०२४-२५ मध्ये, उस्मान गनी प्रशिक्षक असताना, तिसऱ्यांदा विजेता. त्या हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामाचा विक्रम मोडला. रोप चांगले असल्याशिवाय माळी बदलल्यावरही फळे येत राहत नाहीत.

२१)
मग पंडित यांचा वाटा कोणता? हाच पुरावा उलटून पाहावा. मैदान, अकादमी आणि गुणी मुले विदर्भाकडे २०१७ च्या आधीही होती. अंतिम सामना एकही नव्हता. मध्य प्रदेशाकडेही खेळाडूंची वानवा कधीच नव्हती. कमी होती ती एका गोष्टीची, जी मुंबईत आपोआप मिळे आणि अन्यत्र कोणालाच मिळत नसे : आपण जिंकायलाच उतरलो आहोत, ही सवय. ही सवय सुविधांबरोबर विकत घेता येत नाही. ती जवळून पाहिलेल्या माणसानेच दुसऱ्यांना द्यावी लागते. पंडित यांनी मुंबईचा खडूसपणा सामानात बांधून नागपूर आणि इंदूरला नेला, आणि शेवटी त्याच्याच बळावर मुंबईला हरवले.

२२)
या पद्धतीची मर्यादाही नोंदवली पाहिजे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांची कोलकाता नाइट रायडर्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून निवड झाली. २०२३ मध्ये संघ सातवा आला. २०२४ मध्ये विजेता ठरला, पण त्या यशात मार्गदर्शक गौतम गंभीर यांचा वाटा मोठा मानला गेला. २०२५ मध्ये संघ आठवा आला आणि जुलैत पंडित पायउतार झाले. त्यांची करडी शिस्त परदेशी खेळाडूंना रुचली नव्हती, असे नामिबियाच्या डेव्हिड वीझने जाहीरपणे सांगितले. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला घडवणारी शिस्त, जगभर खेळून आलेल्या व्यावसायिकाला जाच वाटू शकते. अमेरिकेत सेबन यांनाही व्यावसायिक संघाकडे गेल्यावर यश मिळाले नाही. ते महाविद्यालयीन मैदानावर परतले आणि मग महान ठरले.

२३)
म्हणून निष्कर्ष मधला आहे, आणि तो मधला असला तरी गुळमुळीत नाही. व्यवस्था संघाला दारापर्यंत आणते. दार ढकलण्याचे धैर्य वेगळे असते आणि ते बहुधा बाहेरून येते. मुंबईत पंडित यांची गरज कमी होती. मुंबईने २०२३-२४ मध्ये त्यांच्याविना ४२ वा करंडक जिंकला. विदर्भात आणि मध्य प्रदेशात त्यांची गरज होती, कारण तेथे पहिला विजय व्हायचा होता. पहिल्या विजयानंतरचे विजय संघ स्वतःच मिळवू शकतो. विदर्भाचा तिसरा करंडक ही प्रशिक्षकाच्या यशाची सर्वांत चांगली पावती आहे, कारण तो जिंकला गेला तेव्हा ते तिथे नव्हते.

२४)
या दृष्टीने पाहता प्रशिक्षक हा ज्ञानाचा वाहक ठरतो. पूर्वी ही वाहतूक संस्थानिकांच्या आश्रयाने होत असे. नायडू नागपूरहून इंदूरला गेले ते होळकरांमुळे. आता ती करारपत्रांवर होते. आचरेकरांची शाळा मुंबईपुरती राहिली असती, तर मुंबईचाच फायदा झाला असता. तिचे शिष्य पांगले आणि भारतीय क्रिकेटचा नकाशा बदलला. २०२२ मध्ये पंडित यांच्याकडून हरलेले मुझुमदार कधीही भारतासाठी खेळले नाहीत. पण २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने प्रथमच एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक तेच होते.

२५)
राज्यातील तीन संघांपैकी मुंबई आणि विदर्भ यांची कथा येथे आली. उरला महाराष्ट्र, म्हणजे पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि खानदेशही. या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असे दोनदा रणजी करंडक जिंकले. कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर : पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभे असलेले अध्यापक. खेळाडू आणि शिक्षक ही दोन्ही कामे एकाच माणसात एकवटली होती. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये महाराष्ट्र अंतिम सामन्यात पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला.

२६)
धुळ्याच्या किंवा जळगावच्या मैदानावर आज चेंडू टाकणाऱ्या मुलाला राज्य संघाची वाट पुण्यातून जाते. त्याच्या प्रदेशाने शेवटचा करंडक जिंकला तेव्हा देश स्वतंत्र व्हायचा होता. गुणी मुले याही प्रदेशात जन्मतात आणि मैदानेही आता बरी आहेत. २०१७ च्या विदर्भाची आणि २०२० च्या मध्य प्रदेशाची स्थिती काही फार निराळी नव्हती. नरडाण्यावरून जाणारा महामार्ग एका टोकाला विजेत्या मुंबईला आणि दुसऱ्या टोकाला विजेत्या इंदूरला जोडतो. मधला टापू अजून पहिल्या धक्क्याची वाट पाहतो आहे. पंडित यांच्या कारकिर्दीवरून एवढे खात्रीने म्हणता येते की तो धक्का मिळाला, तर ऐंशीपेक्षा जास्त वर्षांची प्रतीक्षा एका हंगामातही संपू शकते.